खजुराच्या डब्यातलं बॉयलरघर

अण्णा, तुम्हाला लिहिते, म्हणजे बोलते मी आणि लिहिते माझी नात. तिचं मराठी लिहिणं शाळेतल्या हिंदीच्या जोरावर चालतं. पण मला वाचता येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं, तेव्हा चुका काढणारं दोन्हीकडे कुणी नाही. ही बघा, हसली. लिही गं, हसणं लिहू नकोस.

मी जेद्दाला आहे, लेकाकडे, अझीझिया नावाच्या भागात. समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. तिथले दाबाचे काटे म्हणे आता टीव्हीसारख्या पडद्यावर दिसतात. संध्याकाळी तो गाडी काढेल तेव्हाच आम्ही बायका बाहेर पडणार, आणि बाजारात पोचावं तर नमाजाची वेळ होऊन दुकानांची शटरं खाली येतात. त्यामुळे मी बहुतेक घरातच, आणि घरभर या पोरीचा पसारा. बारावी झाली की ती पुण्याला जाणार, माझा व्हिसा तर त्याच्याही आधी संपणार, आणि ही करत बसलीय बाहुलीघर. त्यात बाहुली एकही नाही. नुसत्या नळ्या, चक्रं आणि धुराडी. "आजी, इट्स स्टीमपंक. सगळं जग अजून वाफेवरच चालतंय, असं समजायचं." म्हटलं, समजते बाई. वाफेचं जग करायचं आणि करायचं एसीत बसून!

पण हात चांगला आहे तिचा, अण्णा. खजुराचे रिकामे डबे म्हणजे खोल्या. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे चाकं. रिफिलच्या नळ्या, बिघडलेल्या गजराच्या घड्याळातली दातेरी चक्रं, तुटलेली चेन, आणि एसी दुरुस्त करणारा टाकून गेला ती तांब्याची नळी आणि तारा. पत्र्यावर रिव्हेट हवे होते, तर माझ्या डब्यातली मोहरी चिमटीने एकेक चिकटवली आणि वरून रंग दिला. खरेच वाटतात. त्या दिवशी फोडणीला मोहरी नव्हती, ते सोडा.

आणि मी काय केलं सांगू? एका सकाळी ती शाळेत गेलेली. ती तांब्याची नळी आणि तारा पाहिल्या, तर काळ्या-हिरव्या पडलेल्या. चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि लख्ख घासून ठेवल्या. ती आली आणि दारातच किंचाळली, "आजी! व्हॉट हॅव यू डन!" व्हिनेगर-मिठात ठेवून तिनं आठवडाभर त्या मुद्दाम जुन्या केल्या होत्या. "जुनी मशीन अशीच असते ना, गंजलेली!" मी म्हटलं, "गंज पडून राहिलेल्या मशीनला येतो. आमच्या अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, बॉयलरच्या पितळेत मी वेणी नीट झालीय का ते बघायची." ती रुसलेलीच होती. पण खाली बसली आणि म्हणाली, "तुझे अण्णा? तूने कभी बताया नहीं."

खरंच नव्हतं सांगितलं. कुणी विचारतच नाही. तुमचा फोटो नाही. तुम्ही बॉयलर सांभाळायचात तो कापसाचा जीन, तो सरकी काढायचा कारखाना, केव्हाच पाडला. ते बॉयलरघर पाहिलेलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, आणि मलाही दार डावीकडे होतं की उजवीकडे, हे डोळे मिटल्याशिवाय सांगता येत नाही. म्हटलं, जाण्याआधी एवढी एक खोली होऊ दे.

मग मी डोळे मिटून सांगायची आणि ती कापायची. मी परकर सावरत तुमच्या जेवणाचा डबा घेऊन येते आहे. दार डावीकडे. भट्टीचं तोंड लाल. तुम्ही चिंच आणि राखेनं पितळ घासताय. खंडेनवमीचा झेंडू अजून नळीवर सुकलेला आहे, तो काढायचा नसतो. एकदा मी तोटीला हात लावला, तर तुम्ही मनगट धरून बाहेर काढलंत आणि दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मोडक्या नळीच्या तुकड्याचा बंब करून आणलात, माझ्या भातुकलीसाठी. आणि वाफेच्या दाबाचा काटा दाखवलात. "लाल रेषेच्या अलीकडे आहे तोवर तुझा अण्णा ठीक आहे." आयुष्यात मी वाचायला शिकले ते तेवढंच. रोज आधी काटा वाचायची, मग डबा द्यायची.

पोरीनं बाटलीच्या झाकणाची तबकडी केली, त्यावर काटा. लाल रेष माझ्या टिकलीची. गोंद हातात घेऊन विचारते, "आजी, कुठे चिकटवू?"

"चिकटवू नको, टाचणीवर फिरता राहू दे," म्हटलं आणि रेषेच्या अलीकडे आणून ठेवला.

"म्हणजे तुझे अण्णा आत आहेत?"

"आहेत."

"मग खलास, झालं घर," म्हणाली. ती एक खोली लख्ख आहे, बाकी तिच्या मर्जीनं गंजलेल्या.

हंगामात तुम्ही घरी जेवायला कधी आला नाहीत. बॉयलर सोडून उठता येत नसे. डबा तुमच्याजवळ ठेवून मी परत फिरायची. गेलात तेही हंगामातच. सासरी मला निरोप पोचला तोवर भट्टीपाशी दुसरा माणूस उभा होता.

आता लिहिणारी विचारतेय, पत्ता काय घालू. काही घालू नको, राहू दे. फक्त एक लिही. तू दुपारी शाळेत असतेस ना, तेव्हा मी जेवायला बसण्याआधी नखानं तो काटा शून्यावर आणते. बॉयलर थंड. मग समोर अण्णांचं एक ताट वाढते. तू यायच्या आत काटा परत होता तिथे.

अशी काय बघतेस? लिही ना.