पद्मजाची बदली आणि माझी हायस्पीड रेल्वे

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. बायकोला, पद्मजाला, बँकेत प्रमोशन मिळतंय. वापी किंवा नागपूर, महिनाअखेर कळवायचंय. वापी इथून जवळच; ती तिथे आली तर ती नाशिकला, मी सिलवासाला हे आमचं त्रांगडं एकदाचं सुटेल. पण ये म्हणून मी मागे लागणार नाही. माणसाला मुद्द्यांनी पटवावं. देशभर हायस्पीड रेल्वेचं जाळं का हवं, यावर मराठी मंडळात माझं भाषण आहेच. वापीला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. वापीचं भवितव्य समजलं की ती आपणहून वापीच घेईल.

७ जानेवारी
मधले दिवस कंपनीत मशीन बंद, त्यामुळे लिहिणंही. असो. पद्मजाला फोनवर पहिला मुद्दा ऐकवला: विमानतळावर ताटकळण्यात जातो तेवढ्या वेळात ही गाडी शहराच्या मध्यावर नेऊन सोडते. ती बराच वेळ गप्प. भारावली असावी. नंतर म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

११ जानेवारी
आज नाशिकला जायचं होतं. रद्द. पेठच्या घाटात एसटी कंबरेचा पार भुगा करते. शिवाय भाषणाचं काम. देशासाठी वेळ द्यायचा तर घरच्यांनी थोडी कळ सोसावी. येतोयस का, एवढंच पद्मजाने विचारलं. मी जपानचं उदाहरण दिलं.

१५ जानेवारी
कंपनीत आमच्या लाइनवर काम करणाऱ्या झिपरूला जेवणाच्या सुट्टीत भाषण वाचून दाखवलं. डबा उघडा होता, उठता येईना बिचाऱ्याला. तो नंदुरबारकडचा. म्हणाला, साहेब, एकदम बराबर आहे, पण आमच्या नंदुरबारला थांबेल का ती? नाहीतर आम्ही काय खाली टाटा करायचा? बिनतोड. लगेच नकाशात वापी-नंदुरबार रेघ मारली. हात थांबेना. जळगाव, अकोला, थेट नागपूर. झिपरूने खूश होऊन कळण्याची भाकरी दिली.

२२ जानेवारी
मंडळाच्या आमलीतल्या हॉलमध्ये भाषण झालं. अफाट यश. खुर्च्या रिकाम्या असूनही लोक मागे उभे होते. (चहा तिकडे होता, पण ते सोडा.) एकाने विचारलं, एवढ्या पैशांत साध्या गाड्या का नाही वाढवत? मी त्याला संकुचित म्हटलं. तो निघून गेला, म्हणजे निरुत्तर. सगळं भाषण पद्मजाला पाठवलं. समारोप विशेष जमलाय: आता अंतर हा प्रश्नच उरणार नाही.

२६ जानेवारी
इथे जवळच सामरवरणीत दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, पद्मजाला आवडेल. मालकाला सांगून टाकलं, बायको येतेय.

३१ जानेवारी, संध्याकाळी
पद्मजाचा फोन. नागपूर घेतलं. भाषण दोनदा वाचलं म्हणे, फार पटलं. अंतराचा प्रश्नच उरणार नसेल तर वापीसाठी मोठी शाखा कशाला सोडायची? मी घाईघाईने म्हणालो, अगं, रेल्वे व्हायला खूप अवकाश आहे. नागपूरपर्यंतची रेघ तर नकाशात मीच मारलीय.
ती म्हणाली, ते माहीत आहे. मी एकदा जरी ये म्हणालो असतो, तर तिने वापी घेतलं असतं म्हणे. महिनाभर वाट बघितली तिने.
फार वाईट वाटलं. लगेच म्हणालो, ये ना.
बराच वेळ पलीकडून काहीच नाही. या वेळी ती भारावली असावी असं वाटलं नाही. मग म्हणाली, दुपारीच बँकेला होकार कळवला.
नागपूरच्या गाड्या बघितल्या. वेटिंग. तरी तिकीट काढलं.