मोटर नाही, पाणी नाही असा रस्ता

रोहे,
आश्विन शु. ५, शके १८५५

चि. सौ. केसर हीस दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे असे लिहायची पद्धत आहे, पण तू महिना महिना काही कळवत नाहीस, म्हणून मुद्दाम लिहितो. दुपारी पोस्टमन दारावरून पुढे गेला की आईचं तोंड उतरतं आणि त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडतं. तेवढ्यासाठी तरी पत्र टाक.

बातमी अशी की मी सायकल घेतली. भाताच्या गिरणीत आमच्या मालकांनी नवी आणली, तेव्हा जुनी मला दिली. आई म्हणाली, दोन चाकांवर माणूस उभा कसा राहतो ते आधी मला दाखव. दाखवायला म्हणून अंगणात बसलो आणि थेट तुळशीवृंदावनावर गेलो. वृंदावन शाबूत आहे. आता मात्र बरी जमते, आणि अष्टमीपर्यंत गुडघाही बरा होईल.

मुद्दा हा, की यंदा भाऊबीजेला मी तुझ्याकडे दिघीला येणार. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली आणि एकदाही तू मला ओवाळलेलं नाहीस. तूच माहेरी ये म्हटलं तर दर साली तुमची सुपारी आडवी येते. माझी अडचण तुला ठाऊक आहेच. आपले आप्पा मचव्यासकट वादळात गेले त्या साली आईनं मला गळ्याची शपथ घातली, की पाण्यावर पाऊल टाकायचं नाही. बैलगाडीनं यायचं तर जाऊन येऊन आठवडा मोडतो आणि गिरणीची रजा दिवाळीपुरती. सायकलीनं एका दिवसात जमेल असं वाटतं. फक्त माणगावची सडक नको. सर्व्हिस मोटरी तिथं तांबडी धूळ उडवतात, आणि आईनं त्यांच्याही नावानं बोटं मोडून ठेवली आहेत. तेव्हा हरेश्वररावांना विचार, की रानातून मोटर नाही आणि पाणी नाही असा एखादा रस्ता आहे का.

आईचे आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
शिवदास

*

दिघी,
आश्विन शु. १३

ती. दादास केसरचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुळशीला सायकलीवरून प्रदक्षिणा घालणारा रोह्यात तू पहिलाच असशील. मी घरात वाचून दाखवलं तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दादा, तू खरंच येशील का रे? इथं भाऊबीजेला दोन्ही जावांचे भाऊ येतात. ओसरीवर पाट मांडतात, रांगोळी काढतात. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तशी मी चार वर्षं चंद्राला ओवाळते आहे. बीजेची ती एवढीशी कोर, माडांच्या मागे लगेच बुडते, म्हणून मला धावपळ करावी लागते. धाकट्या जाऊबाई म्हणतात, केसरचा भाऊ फार गडबडीत असतो बाई. त्यांचं बोलणं थट्टेचंच असतं. पण त्या रात्री मला जेवण जात नाही.

माझ्या येण्याचं म्हणशील तर सुपारी सोलायला आत्ताच काढली आहे, हात रिकामा नाही. आईला तसं सांग.

रस्त्याचं मला काही कळत नाही. हे म्हणाले, मीच लिहितो, तू पाकीट बंद करू नकोस. म्हणून कागद त्यांच्याकडे देऊन मी वाडीत जाते. आईला नमस्कार. लोभ ठेवण्यापेक्षा या खेपेला तू स्वतःच ये.

तुझी,
केसर

रा. रा. शिवदासपंत यांस हरेश्वरचा सप्रेम नमस्कार. रस्ता आहे आणि उत्तम आहे. रोह्याहून भालगाव, तिथून रानात शिरायचं. सुपेगावापर्यंत गाडीवाट. शिकारीचं रान असल्यानं झाडं दाट, सावली भरपूर, मोटर औषधालाही सापडायची नाही. पुढे चढण संपली की उतारानं आगरदांडा, आणि आगरदांडा म्हणजे आमचं अंगणच. रस्ता सलग आहे, बोटीबिटीचं काम नाही. मुरूडच्या बाजाराला मी याच वाटेनं ये-जा करतो. निःशंक यावे. जेवायला थांबतो.

*

आगरदांडा,
कार्तिक शु. २, दुपार

चि. सौ. केसर हीस अ. आ. वि. वि.

ही चिठ्ठी खाडीपार माणसं नेणाऱ्या तरवाल्या तुकारामाच्या हाती देतो आहे. मी धक्क्यावर उंडीच्या झाडाखाली बसलो आहे. समोर खाडी आहे, खाडीपलीकडे तुमचे माड दिसतात, आणि त्यातला तुमचा कुठला ते तुकारामानं बोटानं दाखवलं. हरेश्वररावांच्या अंगणात एवढं पाणी असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक आगरदांडा-दिघी एका दमात म्हणतात, म्हणून मला वाटलं गावाला गाव लागून असेल.

त्यांच्यावर रागावू नकोस. बाकीचा रस्ता त्यांनी लिहिला तसाच आहे, किंबहुना जास्तच चांगला. भालगाव सोडल्यावर मला एकही मोटर भेटली नाही, फक्त लाकडांच्या दोन गाड्या. गाडीवाटेला चाकोऱ्या खोल आहेत, मधल्या गवताच्या पट्ट्यावरून सायकल चालवावी लागते, पण एकदा ते साधलं की चाकाचा आवाजसुद्धा येत नाही. त्यामुळे रानकोंबडे अगदी जवळ येईपर्यंत उठत नाहीत. चढणीवर मी सायकल ढकलत होतो तर वर ऐनाच्या झाडावर शेकरू बसलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून ओरडत राहिलं. उतारावर मात्र मी पाय वर घेतले आणि मोठ्यानं गाणं म्हटलं. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. वाटलं, आता दर साली येईन.

तुकाराम म्हणतो, ही काय होडी हाय का, ही तर हाय, तर म्हंजे रस्ताच. पान खाऊन होईस्तवर पल्याड. सायकलपण चढवतो म्हणाला. मी त्याला आईची शपथ सांगितली, तेव्हा त्यानं सायकलीवरचा हात काढून घेतला. खाडीला वळसा घालून येईपर्यंत भाऊबीज उलटून जाईल, आणि उद्या पहाटे मला परत फिरायलाच हवं. एवढ्या जवळ येऊन परत जाताना मला फार वाईट वाटतं आहे, केसर. आज संध्याकाळी तू चंद्राला ओवाळ. मी इथूनच बघत बसेन.

शिवदास

*

दिघी,
कार्तिक शु. ४

ती. गं. भा. आईच्या चरणी केसरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल त्याआधी दादा घरी आला असेल आणि त्यानं आपल्या परीनं सांगितलं असेल. आता माझं ऐक.

चिठ्ठी आली तेव्हा मी अनारसे काढत होते. वाचून ह्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, तरीचं माझ्या लक्षातच आलं नाही, रस्त्यात पूल लागतो म्हणून कोणी सांगतं का? मी फार बोलले त्यांना. सगळ्यांच्या देखत बोलले, आणि रडलेही. ते म्हणाले, मी जाऊन शिवदासला समजावून आणतो. मी म्हटलं, दादा शपथ मोडणार नाही आणि त्यानं मोडलेली मला चालणार नाही. मग मीच ताम्हन घेतलं, निरांजन, कुंकू, सुपारी घेतली आणि धक्क्यावर गेले.

आई, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. लग्न करून मला पडावातून इकडे आणलं, तेव्हा सगळी वाट मी शालूच्या पदरात तोंड घालून बसले होते. लोक म्हणाले, पोर माहेरासाठी रडते. मी भ्याले होते. डोळे उघडले की मला खाली पाण्यात आप्पा दिसतील असं वाटत होतं. त्यानंतर चार वर्षांत मी तरीवर पाय ठेवला नव्हता. सुपारी सोलायला आमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. माझ्यावाचून काही अडत नाही.

परवा मी बसले. ह्यांची बाही घट्ट धरून बसले, लोकलाज ठेवली नाही. तुकाराम म्हणाला, वैनी, पानी आज गप हाय. मी ताम्हनातल्या कुंकवाकडे बघत राहिले. पलीकडे उतरले तरी बाही सोडली नव्हती. दादा धावत खाली आला, पण पाण्यापासून चार हात लांबच थांबला. तुझ्या लेकाचे तळपायसुद्धा भिजलेले नाहीत, आई.

उंडीखाली जनी कोळणीनं मासळीची पाटी उलटी घालून दिली. तिच्यावर ह्यांचं उपरणं टाकलं आणि दादाला बसवलं. वाऱ्यानं निरांजन राहीना, तेव्हा कोळणी भोवती आडोशाला उभ्या राहिल्या. दादानं लुगडं आणलं होतं त्याला सायकलीच्या तेलाचा वास येतो. मी ते धुणार नाही. परत येताना पुन्हा भ्याले, पण आधीपेक्षा कमी. चंद्राला यंदा सुट्टी दिली.

दादावर किंवा ह्यांच्यावर राग धरू नकोस. मुलीवर आहे ती माया तशीच राहो.

तुझी,
केसर

*

रोहे,
कार्तिक शु. ११

चि. सौ. केसर हीस आईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

(आई सांगते, मी लिहितो. मधे माझं काही घालायचं नाही अशी ताकीद आहे. शिवदास.)

तुझं पत्र मी याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकून झालं तशी मी उठून गाईला चारा टाकून आले.

केसर, हे गेले तेव्हा मी मुलाला धरून ठेवलं. तो बाहेर जाणारा, त्याला बांधावं असं वाटलं. तू तर परक्या घरचीच, पडावात बसून गेलीस, तेव्हा मी काठावरून बघत होते. म्हटलं, पोर शहाणी आहे, खाली मान घालून बसली आहे. आप्पा तुझेही होते हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी एकाचीच काळजी केली आणि तुझी कोणीच केली नाही. ते मला फार लागलं आहे.

काल देवापुढे बसून मी पाणी सोडलं. शिवदासची शपथ सुटली. (इथं माझा हात थांबला. आई म्हणाली, लिही.) त्यानं आता पाण्यावर पाऊल टाकलं तरी माझ्या गळ्याला काही होणार नाही.

तुळशीचं लग्न झालं की मी तुझ्याकडे येते. त्याच रानातल्या वाटेनं. मी गाडीत आणि हा पुढे सायकलीवर. त्याला सांगितलं आहे, की बैलांच्या पुढे पळायचं नाही आणि गाणं म्हणायचं नाही. आगरदांड्याला मी तरीवर बसणार. तुझ्या त्या तुकारामाला सांगून ठेव, की म्हातारी भित्री आहे, तिला मधोमध बसव. जावईबापूंना सांग, मी रागावलेली नाही, पण यापुढे रस्ता सांगताना पाणी वगळायचं नाही.

तू भीत असशील तर माहेरी आली नाहीस तरी चालेल. मी येत जाईन. मला घ्यायला मात्र तू तरीवर येऊ नकोस, पलीकडे काठावरच उभी राहा. तू एक खेप केलीस. आता माझी.

तुझ्यावरची माया या कागदात मावत नाही, ती घेऊनच येते.

तुझी,
आई