विभूती लावलेलं कार्ड

३ मार्च, सोमवार, संध्याकाळ
आज सकाळी अंघोळ करून नवीन कार्ड देवापुढं ठेवलं. त्यावरच्या सोनेरी चौकोनावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढले. पाच सोमवार ते पुसायचे नाहीत, असा नेम धरला. बस, दुकान, बँक, तिन्हीकडं हे एकच कार्ड. शिव जसा सगळीकडं एकच, तसं. मनाला पटलं.
संकल्प: आजपासून रोख बंद. घरातल्या नोटा बँकेत भरून आलो. हेमावती म्हणाली, अवो, रविवारी नातेपुत्याला माझ्या भाचीचा साखरपुडा हाय, मावशी म्हणून पहिली ओटी मी भरायची हाय, वाटखर्चाला तरी ठेवा. म्हटलं, कार्ड आहे. ती नुसती बघत राहिली. कौतुकानं असावं.

४ मार्च
सिटी बसच्या मशीननं कार्ड घेतलं नाही. कंडक्टर म्हणाला, काका, कपाळाचं कार्डाला लावलंय की! लोक हसले. सात रस्ता चौकातल्या ऑफिसला चालत गेलो. चालणं तब्येतीला चांगलं. बसवाल्यांची यंत्रणा कच्ची आहे.

६ मार्च, गुरुवार
प्रभूच्या किराणा दुकानात ओटीचा नारळ घ्यायला गेलो. तिथंही तेच. प्रभू म्हणाला, मालक, ओल्या फडक्यानं पुसा की. म्हटलं, नेम आहे. म्हणाला, मग नारळबी पाच सोमवारानं न्या. श्रद्धा कमी आहे त्याची.
बँकेतली मुलगी म्हणाली, सर, चिप झाकलीय. रोख काढून देऊ का? संकल्प मोडणारा मी नव्हे.
निष्कर्ष: बस, दुकान आणि बँक यांचं आपसात जुळत नाही. याला इंटिग्रेशन म्हणतात. पेपरला पत्र लिहायचं.

८ मार्च
पत्राला मथळा सुचेना. उद्या सविस्तर.
हेमावतीनं विचारलं, उद्याचं कसं? म्हटलं, एसटी मोठं खातं, तिथं चालेल. ती शेजारच्या मायाक्काकडं गेली. बायकांना धीर नसतो.

९ मार्च, रविवार, सकाळी दहा
चाललं नाही. शहर संपायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरलो. हेमावती उतरली नाही. मायाक्काकडून तिनं पैसे आणले होते, एकटीपुरते. खिडकीतून म्हणाली, तुमी हितंच ऱ्हावा, तुमचा नेम मोडाया नको. बस गेली.
ओटीची पिशवी माझ्याच हातात राहिली.

अकरा
देवाची क्षमा मागून कार्ड धुवायला घेतलं. पट्टे वाळून घट्ट बसले होते. पूजेची तांब्याची भांडी घासतो तशी चिंच लावून घासलं. लखलखीत निघालं. सोनेरी चौकोनही निघाला. तळहातावर आला.
प्रभूकडं गेलो. त्यानं उसन्या नोटा दिल्या आणि म्हणाला, ह्यांना तरी विभूती लावू नका, मालक.

रात्री, परतीच्या बसमध्ये
पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. पहिली ओटी मुलाच्या आत्यानं भरली होती. हेमावतीनं मागून भरली. भाचीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा हिचे डोळे भरले. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.
मेव्हणे म्हणाले, भाऊजी, कार्डावर आलात म्हणं? उत्तर दिलं नाही. मौन हेही एक व्रत आहे.
वाटेत बराच विचार केला. घरातला पैसा यापुढं हेमावतीनं सांभाळावा. कंडक्टर आला तेव्हा उरलेल्या सगळ्या नोटा तिच्या हातात दिल्या. दोन तिकिटं तिनं काढली.