दुधावरची साय आणि कापलेला नकाशा

बाबा,

सकाळी दूध मंद आचेवर ठेवलं आणि वरची साय सरकताना पाहत किती वेळ उभी राहिले, कोण जाणे. मधोमध बारीक चीर पडते, खालून दूध वर येतं, साय दोन्हीकडे हलते आणि कडेला जाऊन सुरकुतते. त्या वासात सोनाळ्याचं आपलं स्वयंपाकघर उघडतं. तुम्ही चुलीसमोर उकिडवे बसला आहात, मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये, धुसफुसत. त्याच दिवशी तुम्हाला शाळेत बोलावलं होतं, कारण शाळेचा अ‍ॅटलास मी कात्रीने कापला होता. दक्षिण अमेरिका काढून आफ्रिकेच्या कुशीत बसवली होती. भूगोलाच्या सिस्टरांच्या टेबलावरचे ते तुकडे तुम्ही धोतर सावरत एकमेकांजवळ आणलेत.

"जुयते त बराबर. पन येवढ्या जमिनीले ढकललं कोनं, बाई?"

खोलीत हसू फुटलं. घरी तुम्ही पातेल्याकडे बोट केलंत. "हे पाय पोरी, सायीले कोनी हात लावला का? खालची आच ढकलून राह्यली."

"जमीन म्हणजे दूध नाही, बाबा. आणि सिस्टरांसमोर नीट बोलत जा."

"हाव बाई. आता तूच शिकव मले."

मी शिकवावं इतके दिवस तुम्ही राहिला नाहीत. मी भूगोलाची शिक्षिका झाले तेव्हा कळलं, की खंड सरकतात म्हणणाऱ्या त्या जर्मन माणसाला विद्वानांनी तुमचाच प्रश्न विचारून उडवून लावलं होतं. तो ग्रीनलंडच्या बर्फात मेला. पुढे कितीतरी वर्षांनी जहाजांनी समुद्राचा तळ तपासला, तेव्हा मधोमध चीर दिसली. तिथे खालून तापलेला खडक वर येतो, नवा तळ होऊन दोन्हीकडे सरकतो आणि जुना तळ खोल चरांतून पुन्हा आत बुडतो. खंड एकटे हिंडत नाहीत. जमीन आणि समुद्रतळ मिळून मोठाल्या प्लेटा आहेत, त्या हलतात. बुडणारी कडाच बाकीच्या प्लेटेला ओढते, असंही आता म्हणतात, म्हणजे अगदी सायीसारखं नाही. पण तुम्ही चुलीपाशी बसून जवळ पोचला होतात. आणि त्या हसणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

नोकरीभर मी वर्गात हे सांगत आले, की एका शेतकऱ्याने खरा प्रश्न विचारला आणि सिस्टर त्याला हसल्या. सांगताना माझा आवाज चढायचा, मुलीही चिडायच्या. आज साय फाटताना तो दिवस पुन्हा समोर आला. सिस्टरांनी चष्मा काढला होता. "याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

शाळेला तुम्ही नवा अ‍ॅटलास दिलात, कापलेला माझ्याकडे राहिला. हा कागद त्यात, दक्षिण अमेरिकेच्या भोकाच्या जागी ठेवते आहे. हसले होते मी, बाबा, दारातल्या मैत्रिणींना ऐकू जाईल असं. आणि तुम्ही सिस्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं होतंत.