साळूबाईचा पाला

निमगाव, ता. संगमनेर
२ ऑगस्ट १९९४

ती. आत्यांना पंकजचा सविनय जयभीम, वि. वि.

अप्पांना कावीळ झाली आहे. डोळे हळदीसारखे पिवळे दिसतात. रोज पहाटे ते झाडपाल्याचं औषध देणाऱ्या साळूबाईकडच्या पाल्याचा रस घेतात. तिचं पथ्य असं, की रस चालू असेपर्यंत डॉक्टरची गोळी पोटात जाता कामा नये, नाहीतर गुण जातो. आई सारखी रडते.

या पाल्याच्या संशोधनाबद्दल पेपरात तुमचा फोटो आल्यापासून गाव धरून चाललं आहे, की हा पाला तुम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत पास केला. अप्पा म्हणतात, सख्ख्या बहिणीनं पास केलेलं औषध मीच न्हाई घ्यायचं, तर काय सोयऱ्यांनी घ्यायचं?

मी नववीपर्यंतच शिकलेला, माझं कोण ऐकणार? खरं काय ते कळवावे. माया आहे तशीच असू द्यावी.

आपला,
पंकज

पुणे
५ ऑगस्ट १९९४

चि. पंकज यास आत्याचा आशीर्वाद.

हे पत्र भाऊंना लगेच वाचून दाखव. मी पाला पास केलेला नाही, त्याचा अभ्यास करते आहे. आमच्या विभागात बाईच्या हाती आलेलं हे पहिलंच संशोधन. उंदरांना रस दिला, तर त्यांची यकृतं सुधारायची सोडून बिघडली. दोनदा करून पाहिलं. वरिष्ठांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की माझं काम बंद होईल. तुम्हाला आधी सांगते आहे.

रस ताबडतोब बंद करा. नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वहिनींना धीर दे. तुझी एक वेलांटी चुकत नाही, पण घाबरतोस इतका की ससा लाजेल.

तुम्हा सगळ्यांत जीव अडकलेली,
यशोधरा

नगर
११ ऑगस्ट १९९४

ती. आत्यांना सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर अप्पांना वाटलं मी मनाचं घालतोय. म्हणाले, पंक्या, भित्रा तू हायेसच, आता लबाडबी झालास व्हय? मग गुरुजींना बोलावून वाचून घेतलं. उंदरांचं ऐकून अप्पा हसले. तुमचं काम बंद होईल, इथं मात्र त्यांनी गुरुजींना थांबवलं. तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, सोताच्या पोटावर पाय येईल असं खोटं यशी कशाला लिहील? आणि आपणच टेम्पोत जाऊन बसले.

डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. पोट फुगलं आहे, मधूनच बरळतात. शुद्धीवर आले की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ऐटीत सांगतात, तो पाला इखारी हाय, माझ्या बहिणीनं शोधून काढलंय.

वरिष्ठांना सांगायचं ते सांगाच, पण आधी इकडे या. या पत्राला उत्तर लिहू नये, निघावे.

आपला,
पंकज