काचेच्या पेटीतलं अक्षर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? भावजींनी साखर खरंच सोडली, की फक्त तुझ्यासमोर?

इकडे मी तोंडघशी पडलो आहे. आपल्या कादंबरीची ('माझ्या' लिहायला हात धजत नाही, का ते पुढे वाच) मूळ प्रत ग्रंथालयाच्या बाईंनी प्रदर्शनासाठी मागितली. हल्ली सगळे लेखक थेट कॉम्प्युटरवर लिहितात, त्यामुळे हाताने लिहिलेला कागद दिसला की बाईंना गहिवरून येतं. मी हुरळलो आणि घरात होतं ते बाड देऊन मोकळा झालो. ते छापखान्यासाठी तू उतरवून दिलेलं होतं, हे डोक्यातच आलं नाही. (माझे मूळ कागद तर कधीच रद्दीत गेले.)

उद्घाटनाला जाऊन बघतो तो काचेच्या पेटीत तुझं मोत्यासारखं अक्षर, खाली माझं नाव आणि भोवती ही गर्दी! एक निवृत्त मास्तर सगळ्यांना समजावत होते, की या वेलांट्यांतून लेखकाचा संयम दिसतो. माझा संयम! हसून घे. तेवढ्यात बाईंनी मला अभिप्रायवहीत दोन ओळी लिहायला लावल्या. मास्तरांनी चष्मा पुसून आधी वही पाहिली, मग पेटी, मग मला. चोर मुद्देमालासकट सापडावा तसा मी उभा.

मग मात्र सगळं सांगून टाकलं. प्रत ताईची, आणि ज्या शेवटाची इतकी वाहवा होते तोही तिचाच. माझं चार पानी भाषण तिने न विचारता गाळलं आणि म्हातारी दाराला कडी न लावता झोपते, एवढं एकच वाक्य लिहिलं. छापून आल्यावर मी आधी चिडलो, कौतुक सुरू झाल्यावर गप्प बसलो. सहा वर्षं गप्प बसलो, ताई. त्याची लाज वाटते. तू होतीस म्हणून मला लेखक म्हणतात, हे आज लिहून देतो.

तुझा,
धाकटा

ता.क. नव्या आवृत्तीवर आपल्या दोघांची नावं घालायला प्रकाशक तयार आहेत. संमतीपत्र सोबत आहे. आढेवेढे घेऊ नकोस. तुझी सही आल्याशिवाय छापू नका, असं मी बजावून ठेवलं आहे.

ता.क. २. सोबतचं जाडजूड पाकीट नव्या कादंबरीचं. सवडीने उतरव. शेवट मी लिहिलेला नाही. घाई मुळीच नाही; फक्त प्रकाशकांनी तारीख जाहीर करून टाकली आहे.