आजारपणातलं इंजेक्शन

आबा, काल शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले, घरी यायला संध्याकाळ झाली. आज रविवार, पण उठवतच नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी काल दिवसभर तुमचाच विचार मनात होता.

मी आठ वर्षांची असताना मला मधुमेह निघाला. तेव्हा तुम्ही लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला होता. कुरवंड्याला घरी यायचात तेव्हा तुमच्या शर्टाला गुळाच्या पाकाचा वास यायचा. "दिवसभर गूळ ढवळतो आन् माझ्याच पोरीला गोड चालंना," असं एकदाच म्हणालात. शाळेत साखर उतरून हातपाय थरथरले तर खायला म्हणून तुम्ही माझ्या दप्तरात चिक्की ठेवलीत. डॉक्टर म्हणाले, शेंगदाण्यामुळे साखर चढायला वेळ लागतो, साखरपाणी द्या. दुसऱ्याच दिवशी खाडा करून तुम्ही साखरेची पुडी घेऊन वर्गाच्या दारात उभे. "बाई, ही मधीच खायला लागली तर वरडू नका. आन् गप पडून ऱ्हायली तर झोपलीय म्हणू नका." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला तुमची लाज वाटली होती.

मग तो पावसाळ्यातला ताप. माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाहीये. आई सुई भरून उभी आहे आणि तुम्ही तिचा हात धरलाय. "पोटात अन्नाचा कण न्हाई. साखर उतरून मरंल पोर. नगं देऊ." दिवसभर इंजेक्शन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धापा टाकत होते, हाकेला ओ देत नव्हते, असं आई सांगायची. दुधाच्या टेम्पोतून तुम्ही मला लोणावळ्याला नेलंत, तिथून पुण्याला. तिथले डॉक्टर सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले, "खात नसली तरी आजारात साखर चढते, इन्शुलिन बंद करायचं नसतं. एवढंही कळत नाही?" मी वाचले, पण त्यानंतर माझ्या औषधाचं काहीही असलं की तुम्ही म्हणायचात, "आईला इचार."

आता मी कार्ल्याच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात अशीच एक मुलगी आहे. काल ती आली नाही म्हणून तिच्या घरी फोन केला. तिची आई म्हणाली, "सकाळधरनं उलट्या चालल्यात, मॅडम. खाल्लं न्हाई म्हणून इंजेक्शन दिलं न्हाई." मी रिक्षा करून गेले. साखर एवढी वाढली होती की त्यांच्या साखर मोजायच्या मीटरवर आकडाच येईना. त्याच रिक्षात दोघींना घालून दवाखाना गाठला. सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं, आणि चारच्या सुमाराला पोरीनं डोळे उघडून शाळा सुटली का म्हणून विचारलं.

पण जाताना रिक्षात मी त्या माउलीला म्हणाले होते, "एवढंही कळत नाही?" ती खाली मान घालून पोरीचे तळवे चोळत राहिली. तिनं तरी सुई बाजूला का ठेवली होती? पोरीला जपायलाच ना? नंतर मी तिची माफी मागितली. "तुमी आलात, तेच लय झालं," ती म्हणाली. मग डॉक्टरांना विचारून तिला मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून दिला: आजारात इन्शुलिन बंद करायचं नाही, साखर सारखी तपासायची, उलटी थांबली नाही तर थेट दवाखाना. असा कागद तुम्हाला कुणी दिला नव्हता, आबा.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. माझ्या मनात राग आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तो होता. काल कुठे जरा कमी झाला. हे आता वहीतच राहील, पाठवणार तरी कुठे. आणि एक गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही: दुसऱ्याच्या पोरीची साखर तपासायला धावणाऱ्या मी गुरुवारपासून स्वतःची साखर बघितलेली नाही. विसरले नाही. कंटाळा आलाय.